दोन किलोच्या आत, तासाच्या वर: सर्वेक्षणाचा ड्रोन कसा बांधावा

या लेखात एक चार मोटरचा ड्रोन बांधायचा आहे. कॅमेरा आणि बॅटरी धरून त्याचं वजन १९०० ग्रॅम असेल आणि एका चार्जवर तो तासाहून थोडा जास्त वेळ हवेत राहील. त्यातला एकही भाग दुर्मीळ नाही. तारा, कनेक्टर, निकेलची पट्टी असलं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतं. मोटर, प्रॉप (हवा ढकलणारे पंखे) आणि कार्बनच्या नळ्या ऑनलाइन मागवता येतात. खरी मेहनत भाग निवडण्यात आणि वजन करण्यात आहे.

मी माण-खटावच्या गावांसाठी पाणलोटाचे नकाशे करते. सलग समतल चर कुठवर आलेत, नालाबांध कुठे फुटलाय, पाझर तलावात गाळ किती साठलाय, हे पावसाच्या आधी आणि नंतर मोजायचं असतं. वीस मिनिटांत खाली येणारा ड्रोन या कामात फार नडतो. एका शिवारासाठी तीनदा उतरावं लागतं. दर वेळी ऊन सरकलेलं असतं, सावल्या बदललेल्या असतात आणि मे महिन्यात दहा-अकरानंतर वारा सुटतो. नंतर फोटो जोडताना सावल्यांचा मेळ बसत नाही आणि नकाशावर पट्टे उमटतात. एका उन्हात, एका उड्डाणात काम आटोपलं की नकाशा स्वच्छ येतो आणि त्यावरून काढलेलं गाळाचं माप गावकऱ्यांना खात्रीने सांगता येतं. म्हणून हा तास मला मोलाचा वाटतो.

दोन किलोची मर्यादा मी मुद्दाम पाळते. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅम ते २ किलो वजनाचे ड्रोन ‘मायक्रो’ वर्गात येतात. त्यापुढे ‘स्मॉल’ वर्ग सुरू होतो आणि अटी वाढतात. शिवाय दोन किलोचा ड्रोन पाठीवरच्या पिशवीत घालून डोंगर चढता येतो.

आधी वहीतलं गणित

एका जागी तरंगायला, म्हणजे हॉवर करायला, किती वॅट लागतील हे काहीही विकत घेण्याआधी कळू शकतं. रँकिन आणि फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या पंख्यांसाठी जो सिद्धांत मांडला, तोच इथे चालतो. ड्रोनचं वजन न्यूटनमध्ये घ्या आणि त्याला त्याच्याच वर्गमुळाने गुणा. आता सगळ्या प्रॉपच्या वर्तुळांचं मिळून क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा, त्याला हवेच्या घनतेने आणि २ ने गुणा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की किमान लागणारी शक्ती वॅटमध्ये मिळते.

आपल्या ड्रोनचं करून बघू. १.९ किलो म्हणजे १८.६४ न्यूटन. त्याचं वर्गमूळ ४.३२, गुणाकार ८०.५. पंधरा इंची प्रॉपचा व्यास ०.३८१ मीटर, एका वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.११४ चौरस मीटर, चारांचं मिळून ०.४५६. घनता मात्र पुस्तकातली १.२२५ घेऊ नका. ती समुद्रसपाटीवर १५ अंश तापमानाला असते. पठारावर सहा-सातशे मीटर उंचीवर, चाळिशीच्या जवळच्या उन्हात ती १.०५ च्या आसपास येते. एवढ्या फरकानेच शक्ती आठ टक्क्यांनी जास्त लागते. आता २ गुणिले १.०५ गुणिले ०.४५६ म्हणजे ०.९५८, वर्गमूळ ०.९७९. भागाकार साधारण ८२ वॅट.

ही झाली आदर्श पंख्याची शक्ती. आपल्या मापाचा चांगला प्रॉप त्या आदर्शाच्या ६५ टक्क्यांपर्यंत पोचतो, म्हणजे मोटरच्या दांड्यावर १२६ वॅट हवेत. मोटर आणि ईएससी (तिचा वेग सांभाळणारं सर्किट) मिळून ८० टक्के कार्यक्षम धरले तर बॅटरीतून १५८ वॅट निघतात. फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा तोल सांभाळणारा छोटा संगणक), जीपीएस, रेडिओ यांचे ७ वॅट मिळवा. एकूण १६५.

आता याच ड्रोनला दहा इंची प्रॉप लावले असं समजा. शक्ती व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे ती दीडपट होते: १५८ च्या जागी २३७ वॅट. बॅटरी तीच, वजन तेच, आणि जवळपास एक तृतीयांश वेळ गेला. मोठ्या क्षेत्रफळातली जास्त हवा सावकाश खाली ढकलणं स्वस्त पडतं. थोडी हवा जोरात ढकलणं महाग. नासाचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर आपल्या ड्रोनएवढंच, १.८ किलोचं होतं. मंगळावरचं गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्केच असूनही त्याला १.२ मीटर व्यासाचे दोन रोटर मिनिटाला अडीच हजाराच्या आसपास फेऱ्यांनी फिरवावे लागले, कारण तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्का दाटीची आहे. १९ एप्रिल २०२१ चं त्याचं पहिलं उड्डाण ३९ सेकंदांचं होतं. वर सांगितलेल्या गणितात मंगळाचे आकडे घालून बघा. वर्कशॉपमधली मुलं ते एकदा स्वतः करतात आणि मग प्रॉपच्या व्यासाबद्दल त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही.

प्रॉप किती मोठा आणि कुठे थांबायचं

मग वीस इंची का लावू नयेत? कारण मोठ्या प्रॉपबरोबर मोटर, दांड्या आणि स्वतः प्रॉप, सगळंच जड होतं. वजन वाढलं की शक्ती त्याच्या दीड घाताने वाढते. पंधरावरून अठरा इंचांवर जाताना व्यास २० टक्के वाढतो. पण त्यासाठी एकूण वजन १३ टक्के, म्हणजे आपल्या ड्रोनमध्ये सुमारे २५० ग्रॅम वाढलं तर फायदा शून्यावर येतो. शिवाय मोठा प्रॉप आपला वेग पटकन बदलू शकत नाही. डोंगराच्या कडेला झोत आला की ड्रोन उशिरा सावरतो. माणदेशातल्या टेकड्यांवर वारा कसा वळतो ते पाहिल्यावर मी दोन किलोच्या ड्रोनला १५ ते १६ इंचांवर थांबते. सपाट रानात, पहाटेच्या शांत हवेत काम असेल तर १७-१८ इंचांचा विचार करायला हरकत नाही.

पाती दोनच ठेवा. तीन पात्यांचा प्रॉप लहान व्यासात जास्त जोर देतो, पण व्यासाला जागा असताना त्याचा उपयोग नाही. पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप जेवढा पुढे सरकेल ते अंतर, व्यासाच्या एक तृतीयांश: १५ बाय ५. प्लॅस्टिकचे प्रॉप एवढ्या लांबीला पिळवटतात, म्हणून कार्बनचे घ्या आणि बॅलन्स करूनच लावा. एकाखाली एक अशी आठ मोटरची रचना या कामात टाळावी. खालच्या प्रॉपला वरच्याची ढवळलेली हवा मिळते आणि तेवढ्याच व्यासाचे आठ प्रॉप वेगवेगळे बसवण्याच्या तुलनेत बरीच शक्ती वाया जाते.

मोटर निवडताना तिचा केव्ही, म्हणजे एका व्होल्टला ती मिनिटाला किती फेरे घेते, ते आधी बघा. आपल्याला हॉवरमध्ये मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे हवेत. सहा सेलच्या पॅकवर ३५० ते ४०० केव्हीची, रुंद आणि चपट्या स्टेटरची, म्हणजे आतल्या स्थिर गाभ्याची, मोटर (व्यास ४० मिलिमीटर, उंची ६) यात नेमकी बसते आणि तिचं वजन ७० ग्रॅमच्या आत असतं. एका मोटरने जास्तीत जास्त किलोभर उचललं की पुरे. हॉवरला ४७५ ग्रॅम लागतात, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त ताकद हाताशी राहते. शर्यतीच्या ड्रोनसारखी पाचपट ताकद ठेवली तर ते जादा तांबं आणि लोखंड तासभर उगाच उचलत बसावं लागतं.

उत्पादकाचा तक्ता बघा, पण एक मोटर आणून स्वतः मोजा. अर्धा मीटर उंचीचा हलका खांब करा, तो किचनच्या डिजिटल काट्यावर घट्ट उभा करा आणि वर मोटर बसवा. प्रॉप पालथा लावा आणि मोटरची दिशा उलटी करा, म्हणजे हवा वर जाते आणि जोर खाली काट्यावर येतो. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॅटमीटर जोडा. काट्यावर ४७५ ग्रॅम दिसतील तेव्हा वॅट वाचा. ४० च्या आसपास आले तर वॅटला १२ ग्रॅम उचल मिळते आहे आणि आपलं वहीतलं गणित जुळलं. ५० आले तर तो प्रॉप-मोटरचा जोड परत करा. पुढे कुठलीही बॅटरी ती तूट भरून काढणार नाही. मोजताना प्रॉपच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि खांबाला कलू न देणारं, पण वर-खाली सरकू देणारं कडं टेबलाला शिकंज्याने आवळलेलं नसेल तर मोटर चालूच करू नका. काटाही त्या टेबलावरच बसला पाहिजे आणि खांबाला वर-खाली हलायला पुरती मोकळीक हवी, नाहीतर माप खोटं येतं. पंधरा इंची कार्बनचं पातं बोट सहज तोडतं.

बॅटरी: लिपो सोडा, लि-आयन बांधा

ड्रोनवाल्यांना लिपोची (लिथियम-पॉलिमर बॅटरीची) सवय असते, कारण तो एकदम खूप करंट देतो. आपल्याला एकदम काहीच नको आहे. सावकाश, तासभर, आठ अँपिअर हवेत. म्हणून २१७०० मापाचे लि-आयन सेल. नाव मापावरून आलंय: व्यास २१ मिलिमीटर, लांबी ७०. पाच हजार एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) चांगला सेल ७० ग्रॅमच्या जवळ भरतो आणि त्यात १८ वॅट-अवर मावतात. म्हणजे किलोला २५० हून जास्त. चांगला लिपो पॅक किलोला १५० च्या आसपास राहतो.

असे बारा सेल घ्या, सहाची मालिका आणि दोन समांतर. सेलचं वजन ८४०, पट्ट्या, तारा आणि आवरण ४०, एकूण ८८० ग्रॅम. कागदावर २१६ वॅट-अवर. सेलमागे चार अँपिअर ओढताना आणि ३ व्होल्टच्या आसपास थांबताना हाती येतात साधारण १९०. भागिले १६५ वॅट, म्हणजे एक तास नऊ मिनिटं. तेवढ्याच वजनाचा लिपो १३२ वॅट-अवरचा असता आणि त्यातले ८० टक्केच वापरायचे म्हटल्यावर ३८ मिनिटांत खाली यावं लागलं असतं.

लोक इथे विचारतात की तीन समांतर का नकोत. करून बघू. अजून सहा सेल म्हणजे ४२० ग्रॅम, एकूण वजन २३२० ग्रॅम. हॉवरची शक्ती १६५ वरून २२० वॅटवर जाते, वापरता येणारी ऊर्जा २८५ वॅट-अवर होते आणि वेळ मिळतो ७८ मिनिटं. बॅटरीचा खर्च दीडपट आणि मिळाली नऊ मिनिटं. शिवाय ‘मायक्रो’ वर्गातून बाहेर पडलो. या गणिताला एक शिखर आहे: बॅटरीचं वजन उरलेल्या ड्रोनच्या दुप्पट झालं की वेळ कमाल होतो, त्यापुढे बॅटरी वाढवली तर वेळ चक्क कमी होतो. पण शिखराकडची चढण फार मंद आहे. बॅटरी आणि उरलेला ड्रोन समान वजनाचे असतील तेव्हाच कमाल वेळेचे ९२ टक्के हातात आलेले असतात. आपण ८८ टक्क्यांवर आहोत आणि मला तिथेच थांबणं शहाणपणाचं वाटतं.

सेल विकत घेताना डेटाशीटमध्ये सततच्या करंटची मर्यादा बघा. जास्त क्षमतेचे सेल दहा अँपिअरच्या आतबाहेर देतात, म्हणजे दोन समांतरमध्ये वीस. आपल्या हॉवरला आठ लागतात, त्यामुळे चालतं. पण आर्डुपायलटमध्ये (फ्लाइट कंट्रोलरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बॅटरीच्या कमाल करंटची मर्यादा घालायची सोय आहे. ती १८ वर ठेवा, म्हणजे वाऱ्याशी झुंजतानाही सेलवर अन्याय होत नाही. बाजारात ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल दिसतील. ते खोटे आहेत, त्या मापात तेवढी क्षमता मावतच नाही. आलेला प्रत्येक सेल वजन करून, एकदा भरून-रिकामा करून मोजा आणि जवळच्या क्षमतेचे सेल जोडीने समांतर लावा.

पॅक बांधताना सेलवर सोल्डरिंगची इस्त्री टेकवू नका. आतलं सील उष्णतेने खराब होतं. स्पॉट वेल्डिंग करा. शुद्ध निकेलची ०.१५ मिलिमीटर जाड, ८ मिलिमीटर रुंद पट्टी वापरा आणि मालिकेच्या जोडावर ती दुहेरी घ्या. पाण्यात मीठ घालून पट्टीचा तुकडा रात्रभर ठेवला की निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड गंज धरतं आणि खरंखोटं कळतं. प्रत्येक सेलच्या धन टोकावर बार्ली पेपरची (वीज अडवणाऱ्या जाड कागदाची) गोल चकती हवीच. तिथे धन टोक आणि सेलचा ऋण डबा यांच्यात अगदी थोडं अंतर असतं आणि घासलेलं आवरण आग लावायला पुरेसं आहे. चार्जिंग पाच अँपिअरने, बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून लावायची तार) लावून, आणि माणूस जागेवर असताना करा. अडीच-तीन तास लागतात. पॅक तापलेला असेल तर आधी निवू द्या. डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या ठिकाणी पहाटे उडवणार असाल तर उलट काळजी घ्या: गार पडलेल्या लि-आयनचा व्होल्टेज लगेच बसतो, म्हणून उडवेपर्यंत पॅक गोधडीत किंवा जॅकेटच्या आत ठेवा.

एवढेच बारा सेल तीनच्या मालिकेत, चार समांतर लावता आले असते. ऊर्जा तीच, वजन तेच. पण करंट दुप्पट आणि तारांमधली उष्णता चौपट झाली असती. म्हणून सहाची मालिका.

तराजू

बॅटरी ८८०, मोटर २८०, प्रॉप १००, ईएससी ४०, पायांसकट सांगाडा ३००, फ्लाइट कंट्रोलर, जीपीएस आणि रेडिओ ११०, तारा ६०, कॅमेरा १३०. बेरीज १९००. हा ताळेबंद भिंतीवर लावा आणि भाग आला की खरं वजन शेजारी लिहा. या ड्रोनमध्ये साधारण दर १९ ग्रॅमला एक मिनिट पडतं. हा हिशोब डोक्यात ठेवला की निर्णय आपोआप होतात. दोन अक्षांचा गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी चौकट) अंदाजे दोनशे ग्रॅमचा, म्हणजे जवळपास दहा मिनिटं. नकाशाच्या कामाला गिंबल लागत नाही. कॅमेरा मऊ रबरावर सरळ खाली बघत बसवला तरी पुढे-मागे जोडलेल्या फोटोंतून नकाशा बनतो. सांगाड्याच्या सुंदर दिसणाऱ्या टोपीचे ६० ग्रॅम म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. एलईडी, मोठे कनेक्टर, गरजेपेक्षा लांब तारा, लोखंडी स्क्रू यांची मिनिटं अशीच मोजा.

सांगाड्यासाठी १६ मिलिमीटर बाहेरचा आणि १४ आतला व्यास असलेल्या कार्बनच्या नळ्या घ्या. मीटरला ७५ ग्रॅम भरतात. चार दांड्यांना मिळून मीटरभर लागते. मोटर ते मोटर तिरकं अंतर ६०० मिलिमीटर ठेवलं की शेजारच्या प्रॉपच्या टोकांमध्ये चार सेंटिमीटरच्या वर फट राहते. मधल्या दोन प्लेटा दीड मिलिमीटर कार्बनच्या. चपट्या पट्टीच्या दांड्या घेऊ नका, प्रॉपखालचा वारा त्यांच्यावर आपटतो आणि त्या पिळवटतातही. पाय म्हणून आठ मिलिमीटरच्या नळ्या पुरतात. कार्बन कापताना आणि घासताना मास्क लावा, पाणी मारत घासा. ती भुकटी फुप्फुसात जाऊ देऊ नका.

तारा कमी करताना एक जपायचं. बऱ्याच मोटरच्या बाहेर येणाऱ्या तारा म्हणजे आतली वेटोळीच असतात आणि त्यांवर इनॅमल असतं. कापल्या तर टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडून, कथिल नीट धरलंय का बघूनच ईएससीला जोडा. अर्धवट जोड जमिनीवर चालतो आणि हवेत सुटतो. जीपीएस आणि होकायंत्राचा खांब बॅटरीच्या मुख्य तारांपासून दहा सेंटिमीटर तरी उंच ठेवा; तिथे वजन वाचवू नये.

सेटिंग आणि चाचणी

मिशन प्लॅनरमध्ये, म्हणजे आर्डुपायलटची सेटिंग करायच्या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये, सुरुवातीच्या पॅरामीटरच्या पानावर प्रॉपचा आकार, सेलची संख्या आणि रसायन विचारतात. तिथे लि-आयन निवडायला विसरू नका, नाहीतर लिपोच्या व्होल्टेजवर तो तुम्हाला अर्ध्या वाटेत परत बोलावेल. मोठ्या प्रॉपचं कंपन मंद असतं. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे ५० हर्ट्झ. हार्मोनिक नॉच फिल्टर हे कंपन सेन्सरच्या मापातून गाळतो; त्याची मूळ वारंवारता लॉग बघून तिथे आणा. हे न करता वाढवलेले गेन (तोल सावरण्याचा जोर ठरवणारे आकडे) मोटर तापवतात, आणि तापलेली मोटर म्हणजे वाया गेलेले वॅट. पहिल्या दोन-तीन मिनिटांच्या हॉवरनंतर खाली उतरवून चारही मोटरना हात लावून बघा. एखादीच जास्त गरम असेल तर तिचा कोन, बेअरिंग आणि प्रॉप तपासा. हॉवरचा थ्रॉटल ४५ ते ५५ टक्क्यांत यायला हवा.

मग खरी परीक्षा. पहाटे, वारा नसताना, मोकळ्या जागी तीन-चार मीटर उंचीवर ड्रोन हॉवर करत ठेवा आणि पॅक ३.१ व्होल्ट प्रति सेल, म्हणजे १८.६ व्होल्टपर्यंत येऊ द्या. ड्रोन त्या उंचीहून खाली आणू नका. जमिनीजवळ, प्रॉपच्या व्यासाएवढ्या उंचीवर, जमिनीचा आधार मिळून आकडा खोटाच चांगला येतो. लॉगमधून सरासरी वॅट आणि खर्च झालेले एमएएच काढा. वहीतल्या १६५ शी ताडून बघा. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी करंट सेन्सर तपासा: चार्जरने परत भरलेले एमएएच आणि लॉगमधले एमएएच जुळले पाहिजेत.

कामाच्या उड्डाणात यातले ८० टक्केच वापरा. ५५ मिनिटं, किंवा ७४०० एमएएच, जे आधी येईल ते. परत फिरण्याची आज्ञा एमएएचवर बांधा आणि व्होल्टेज ही मागची राखीव रेघ ठेवा, कारण लि-आयनचा व्होल्टेज वाऱ्याच्या झोतात क्षणभर खाली जाऊन परत वर येतो.

उडवण्याच्या सवयींतूनही मिनिटं मिळतात. शंभर मीटर चढायची शुद्ध ऊर्जा जेमतेम अर्धा वॅट-अवर असते, त्यामुळे चढण्याची भीती नको. पण ती चढण सेकंदाला दोन-तीन मीटरने घ्या, एकदम थ्रॉटल देऊन सेल दाबू नका. पुढे जाताना ड्रोनला सतत ताजी हवा मिळते आणि मध्यम वेगाला लागणारी शक्ती हॉवरपेक्षा कमी असते. तो वेग शोधायला सरळ रेषेत जाऊन-येऊन सेकंदाला ४, ६, ८, १० मीटरने उडवा आणि दर वेगाचे वॅट लिहा. इथे दोन वेगळे आकडे हाती येतात. सगळ्यात कमी वॅटचा वेग म्हणजे जास्तीत जास्त वेळ. प्रत्येक वेगाचे वॅट वेगाने भागले आणि जिथे उत्तर सगळ्यात कमी आलं, तो वेग म्हणजे जास्तीत जास्त अंतर, आणि तो पहिल्यापेक्षा नेहमी जास्त असतो. तलावावर पहारा ठेवायचा तर पहिला वेग, नकाशा करायचा तर दुसरा. मी नकाशाला सेकंदाला ८ मीटर ठेवते. एक हजारांश सेकंदाच्या शटरला त्यात फोटो फक्त ८ मिलिमीटर सरकतो.

त्या वेगाने ५५ मिनिटांत २६ किलोमीटर होतात. शंभर मीटर उंचीवर, ४० मीटर अंतराच्या रांगा घेतल्या तर वळणं वजा जाता ९० हेक्टरच्या आसपास, म्हणजे सव्वादोनशे एकर. ड्रोन नजरेच्या टप्प्यात राहायला हवा, म्हणून उड्डाणाची जागा शिवाराच्या मध्यावर, शक्यतो उंचवट्यावर निवडा. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून झोन बघा. हिरव्या झोनमध्येही मर्यादा ४०० फुटांची आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची.

हॉवर नकोच असेल तर

एवढं सगळं करूनही चार प्रॉपचा ड्रोन आपलं पूर्ण वजन सतत मोटरवर तोलतो. पंख असलेलं विमान ते काम पंखावर टाकतं. दोन किलोचं, उचल आणि अवरोध यांचं गुणोत्तर १० असलेलं साधं विमान सेकंदाला १५ मीटरने उडवायला हवेत ३० वॅट लागतात. प्रॉप-मोटरचं नुकसान धरून बॅटरीतून ५५. आपल्या ड्रोनच्या एक तृतीयांश. म्हणून सरळ उभं उडून मग पंखावर जाणारी यंत्रं लांबच्या कामाला वापरतात. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जचं ‘स्विच’ याच प्रकारचं आहे आणि भारतीय लष्कराने २०२१ मध्ये त्याची मागणी नोंदवली.

कालव्याची लांब पट्टी, वाऱ्याला मोकळं माळरान, उतरायला शंभर मीटर सपाट जागा असं सगळं जुळत असेल तर पंखच बांधा. बॅटरीचा विभाग जसाच्या तसा लागू पडतो, फक्त बारा सेलऐवजी सहा पुरतात. पण नालाबांधाच्या भिंतीजवळ थांबून भेग बघायची असेल, किंवा खडकाळ ओढ्यात दोन चौरस मीटरच्या सपाटीवर उतरायचं असेल, तर चार प्रॉपच लागतात. आमच्याकडे चराईची कुरणं आणि बांध एकाच शिवारात असतात, म्हणून मी दोन्ही यंत्रांना एकच पॅक बसेल असं बॅटरीचं खण बनवलंय: ७० मिलिमीटर लांब सेल आडवे, दोन थरांत सहा-सहा, आणि तोच एक्सटी-६० कनेक्टर. विमानात वरचा थर न लावता खालचा एकच सहाचा थर जातो. हे करायचं असेल तर दोन थर वेगवेगळे वेल्ड करा, प्रत्येकाला स्वतंत्र बॅलन्स लीड द्या, आणि समांतर जोडण्याआधी दोन्हींचा व्होल्टेज मीटरने मोजा. फरक ०.१ व्होल्टच्या आत असेल तरच जोडा.